नकाशातला काठ

तव्यावरची भाकरी उलटता उलटता विजयमालानं चुलीशेजारी ठेवलेल्या फोनकडे पाहिलं. निळा ठिपका फाटा सोडून गावाच्या रस्त्याला लागला होता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली धम्मप्रिया, तिचा नवरा प्रदीप आणि सासरे यशवंतराव होडीतून फ्लेमिंगो बघायला येत होते. गाडी कुठवर आली ते कळावं म्हणून धम्मप्रियानं आपलं चालतं लोकेशन पाठवून ठेवलं होतं.

"आवं, आले पाव्हणं!" विजयमाला ओरडली. अंगणाच्या खालीच उजनीचं पाणी, आणि पाण्याच्या कडेला तिचा नवरा मानसिंग होडी पुसत होता. धुकं असं दाटलं होतं की तो दिसेना, नुसतं त्याचं "व्हय, व्हय" ऐकू आलं.

एरवी तो मोटारसायकलवर फाट्यापर्यंत जायचा आणि पाहुण्यांना मागं घेऊन यायचा. पण काल फोनवर धम्मप्रिया म्हणाली, "कशाला ताई, तुमचं लोकेशन आहे की. थेट येतो आम्ही." हे ऐकून विजयमालाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते लोकेशन तिनं स्वतः टाकलं होतं. मे महिन्यात तालुक्याला बचत गटाच्या बायकांना शिकवलं होतं, धंदा इंटरनेटवर कसा चढवायचा ते. घरी आल्या आल्या ती भर उन्हात काठावर जाऊन उभी राहिली आणि बटण दाबलं. मानसिंगच्या घराण्यात कुणाचं नाव कधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरसुद्धा लागलं नव्हतं, आणि ही बाई थेट नकाशात! पुढं दोन दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ठिपका केळीच्या बागेपाशी आला. तिथं डावीकडे वळायचं. तो वळला नाही, सरळ निघाला.

"येडी का काय ही माणसं," ती पुटपुटली. सरळ तर जुना रस्ता.

आणि भाकरी तव्यावरच राहिली. जुना रस्ता म्हणजे धरणात गेलेल्या गावाचा डांबरी रस्ता. उन्हाळ्यात पाणी हटलं की तो उघडा पडतो आणि होडी पार त्याच्या टोकाला लागते. हिवाळ्यात तोच रस्ता उतारानं सरळ पाण्यात शिरतो. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. पाणी असेल तिथं काठ. काठ सरकला की त्याच्यामागं शेतावरच्या मोटारी सरकतात, पाइप सरकतात, माणसं सरकतात, आणि "काठावर ये" म्हटलं की ज्यानं त्यानं समजून घ्यायचं असतं. नकाशाला ही समज कुठून असणार? त्यातला काठ मे महिन्यात जिथं होता, तिथंच उभा होता. इतक्या महिन्यांत हे विजयमालाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ठिपकाही जागच्या जागी थिजला.

"आवं, जुन्या रस्त्यानं चाललेत! पाण्यात जात्याल!"

मानसिंगनं होडीचं इंजिन ओढलं. ती त्याच्यासाठी थांबली नाही. फोन मुठीत धरून केळीत घुसली, ओली पानं तोंडावर फटाफट बसत होती, एक चप्पल चिखलात राहिली, दुसरी तिनंच भिरकावली. "देवा, म्हातारं माणूस हाय रं गाडीत," एवढंच ती घोकत होती. भीती कशी असते ते तिला आज कळत होतं.

बाग संपली तेव्हा वरून दोन पिवळे दिवे उतारावर येत होते. ती कडेला उभी राहून जिवाच्या आकांतानं हात हलवू लागली. प्रदीपनं जोरात हॉर्न दिला. धुक्यात हातवारे करणारी बाई म्हणजे लिफ्ट मागणारी, असंच त्याला वाटलं असणार. गाडी हळू होती, पण थांबत नव्हती, आणि खालचं पाणी ओल्या डांबरासारखंच काळं दिसत होतं.

मग विजयमाला वळली आणि रस्त्यावरून सरळ पाण्यात धावली. गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत. दिव्यांचा झोत तिच्यावर पडला. ब्रेक किंचाळले, गाडी शेवाळावरून घसरली आणि पुढची चाकं पाण्यात घालून उभी राहिली.

काच खाली झाली. "ताई," धम्मप्रियाचा बावरलेला आवाज आला, "तुम्ही रस्त्यात का बसलात?"

"बसले न्हाय, उभी हाय! पाणी हाय हे समदं! उतरा खाली!"

तिघं उतरले. यशवंतराव दोन पावलं मागं गेले आणि मटकन खाली बसले. प्रदीपनं गाडी मागं घ्यायला बघितली, चाकं जागच्या जागी फिरली. धम्मप्रिया त्या पाण्याकडे बघत राहिली आणि एकाएकी तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बुद्धप्रिया," ती म्हणाली. "माझा भाऊ. बार्शीहून मोटारसायकलवर येतोय. मीच त्याला हे लोकेशन पाठवलंय."

त्याचा फोन लागेना. विजयमालानं ओल्या बोटांनी नकाशातली खूण उचलून घरापाशी आणून ठेवली. फोननं नम्रपणे आभार मानले आणि बदल तपासून कळवू म्हणाला.

"आता कवा कळवतोस, मुडद्या!" ती फोनवर खेकसली.

तेवढ्यात मानसिंगची होडी आली. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वर चला. काट्या वडा."

बाजूच्या शेताला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. उतार सुरू होतो तिथं ते सगळे काट्या ओढून आणू लागले. प्रदीपचा शर्ट फाटला, धम्मप्रियाच्या तळहातातून रक्त आलं. यशवंतरावांनी आपली पांढरी शाल काढून काट्यांवर पसरली, लांबून दिसावी म्हणून. मग सगळे धुक्याकडे कान लावून उभे राहिले.

मोटारसायकलचा आवाज आला. चांगलीच जोरात होती. दिवा दिसला, सगळे एकदम ओरडले, आणि चाक काट्यांच्या पार जवळ येऊन थांबलं.

बुद्धप्रियानं हेल्मेट काढलं, कानातले इयरफोन उपसले. समोर बहीण रडतेय, भाऊजींचा शर्ट फाटलाय, हे त्याला नीट दिसलंही नव्हतं. तो चिडला होता.

"रस्ता कुणी अडवला? लोकेशन पुढं दाखवतंय की!"

"म्या," विजयमाला म्हणाली. "म्याच अडवला, बाबा."

आणि ती तिथंच डांबरावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.