दोरीवरचा हात

वाक सखे, लाव धान, श्वास सोड लांबवर,
रोप धरील मातीले, जीव राहील थाऱ्यावर.

रोवणीच्या चिखलात आई हे गायची. तिला जाऊन किती पावसाळे लोटले, पण शेवंताबाईच्या कानात तो आवाज अजून ओला होता. आणि इथं कटंगीच्या बाजारपटांगणात तोच लांब श्वास श्वासनाथ महाराज चमत्कार म्हणून वाटत बसले होते.

"नाक से खींचो! नाभीत बसवा! बीपी जड से खतम!"

भक्ताच्या मनगटाला यंत्राचा पट्टा. आधी हात खाली, महाराजांच्या चरणांवर. आकडा एकशेऐंशी! मग लांब श्वास, आणि हात डोक्यावरच्या भगव्या दोरीला. आकडा एकशेवीस!

"देखा? आता गोळ्या टाका या हंड्यात!"

टाळ्यांचा पाऊस पडला. शेजारच्या विमलाबाईचा आकडाही असाच उतरला, तशी तिनं पदरातून गोळ्यांची पट्टी काढली. शेवंताबाईचा नवरा डोमाजी घरी खाटेवर होता, अर्धं अंग गेलेला. "वारं गेलं अंगावरून," असं ती सगळ्यांना सांगायची. खरं काय ते सुनेलाही ठाऊक नव्हतं.

तीच सून, शाळेत विज्ञान शिकवणारी समीक्षा, मंचावर चढली.

"महाराज, माहं मोजा. पण आधी दोरी, मग पाय."

"विधी उलटा नहीं होता, बेटी."

"काहून जी? श्वासाले पंचांग लागते का?"

गर्दी हसली. मागून कोणी ओरडलं, "मोजू द्या ना बाप्पा!"

दोरीवर आकडा पंच्याण्णव. समीक्षानं शांतपणे लांब श्वास घेतले, हात पायांवर नेला. एकशेपंचावन्न!

"आता सांगा, तुमच्या श्वासानं माहं बीपी वाढलं का?" ती गर्दीकडे वळली. "रक्तालेही पाण्यासारखं वजन असते. मनगट छातीच्या खाली गेलं की आकडा चढते, वर गेलं की उतरते. खरं माप छातीच्या पातळीवर. या, काकू."

विमलाबाईचं मनगट छातीशी धरलं. एकशेसाठ.

"लांब श्वास रोज घ्या काकू, थोडी मदतच होते. पण गोळी बंद करायची का, ते डॉक्टरले विचारा. दोरीले नाही."

महाराज लालबुंद झाले. "नास्तिक! उस डोमाजी को देखो! श्रद्धा कम पडी, लकवा मार गया!"

शेवंताबाई उठली. आईनं शिकवला तसा लांब श्वास घेतला आणि सोडला.

"श्रद्धा कमी नव्हती रे बाबा, जास्त होती. मांगच्या मेळ्यात आमच्या घरधन्यानं याच हंड्यात गोळ्या टाकल्या. मी बाजूलेच उभी होती. वारंगिरं काही गेलं नाही, गोळ्या सुटल्या म्हणून अंग गेलं. लोकं आमाले येडे म्हणतीन म्हणून मी खोटं सांगतलं. म्हणा आता येडी! पण विमला, ते पट्टी आधी पदरात बांध."