तुंबलेल्या मोरीची तगमग

मित्रांनो, मी एक जुनी मोरी आहे. झरी गावातल्या एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या समोरच्या कोपऱ्यात माझी जागा. राधाकिशन आबांनी मला आपल्या हातांनी घडवलं. काळी फरशी बसवली, तिला भिंतीकडे उतार दिला आणि भिंतीखालून कुंभाराकडची भाजलेली नळी परसात काढली. त्यांच्या बायकोनं, सरजाबाईनं, पहिला तांब्या ओतला. पाणी खळखळत केळीच्या बुंध्याशी गेलं. "गुणाची हाय," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पुढे किती खरकटं, किती राख आणि किती डाळीचं धुवण मी वाहून नेलं, त्याला गणती नाही. मोरीचं नाव कोणी काढत नाही आणि काढलंच तर नाक मुरडून. मला त्याचं वाईट वाटत नसे. पाणी वाहतं आहे तोवर मोरीचा जीव शांत असतो.

सरजाबाई वारली. मुलगा सुग्रीव आणि सून झुंबरबाई दर वर्षी ऊसतोडीला जाऊ लागले आणि आबा घरात एकटे राहू लागले. किल्लारीकडे मोठा भूकंप झाला त्या वर्षी आमच्याही फळीवरची भांडी धडाधड खाली आली होती. तरी दसरा होताच दोघं कारखान्याकडे निघून गेले.

थंडीत आबांची कोंबडी चुलीजवळच्या टोपलीत अंड्यांवर बसली. एका दुपारी माझ्या नळीतून सरसर काहीतरी वर आलं. साप! आबांनी काठी आपटली, तसा तो आल्या वाटेनं परत फिरला. आबांनी डोक्यावरचा लाल पटका काढला, त्याचा बोळा केला आणि मुसळानं माझ्या तोंडात खोलवर ठासला. "ये बरं आता," ते म्हणाले. पिलं मोठी झाली की बोळा काढायचा, असा त्यांचा बेत असावा. तोवर ते भांडी परसात घासू लागले.

पिलं निघाली, पण बोळा निघाला नाही. संक्रांतीच्या सुमारास आबा चुलीपुढेच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलं होतं, एसट्या बंद होत्या, त्यामुळे निरोपही लवकर जाईना. शेजारची कुसुमबाई दुधात भाकर कुस्करून त्यांना भरवायची, ओल्या फडक्यानं अंग पुसायची.

अखेर सुग्रीव आणि झुंबर आले. झुंबरनं पाणी तापवलं, आबांना माझ्या फरशीवर बसवलं आणि तांब्या ओतला. पाणी माझ्या तोंडाशी आलं आणि उलटं फिरून चुलीकडे पसरलं.

मित्रांनो, माझ्या गळ्यात काय अडकलं आहे ते मला ठाऊक होतं. घरात ते आणखी एकालाच ठाऊक होतं. पण बोलायला आम्हा दोघांनाही येत नव्हतं!

पाणी साचलं, वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या. थेंब थेंब झिरपायचं आणि दर खेपेला नवं पाणी येऊन पडायचं. माझा जीव नुसता वर-खाली होत होता. सुग्रीवनं परसातून नळीत बांबूची कामटी घालून पाहिली. ती मध्येच अडली. मग गावातला गवंडी नागनाथ आला.

"भूकंपानं नळी ढासळली, सुग्रीवभाऊ," तो म्हणाला. "फरशी फोडावी लागंल. सिमिटाची नवी मोरी करू."

हे ऐकताच बाजेवर पडलेले आबा डाव्या हातानं आपल्या डोक्यावर थापा मारू लागले. माझ्याकडे बोट करायचे आणि पुन्हा डोक्यावर थाप.

"आबाचं डोस्कं दुखायलंय," सुग्रीव म्हणाला. झुंबरनं तेलाची वाटी आणली. आबांनी ती ढकलून दिली आणि तेल बाजेवर सांडलं. तसा सुग्रीव भडकला.

"कामून तरास द्यायलाव, आबा? तिकडं मुकादम माझी वाट बगायलाय. हितं घरात पाणी, वर तुमचं हे! उद्या बाज गोठ्यातच टाकतो."

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी नागनाथ पहार घेऊन आला. पहिल्याच घावाला माझ्या फरशीचा टवका उडाला. दुसऱ्या घावासाठी त्यानं पहार उचलली, तेवढ्यात झुंबर पुढं झाली.

"नागनाथभाऊ, जरा थांबा. भूकंप झाला तवा आमी हितंच होतो की. दसऱ्यापोतर म्या ह्याच मोरीत भांडी घासली. पाणी लय झ्याक जात होतं. मंग नळी ढासळली कवा?"

नागनाथनं पहार खाली टेकवली.

"आमच्या मागं घरात फकस्त मामा होते," ती म्हणाली आणि सासऱ्याच्या बाजेपाशी जाऊन बसली. "मामा, मोरीला काय झालं, तुमाला ठावं हाय?"

आबांनी मान वळवली. हात माझ्याकडे गेला, मग डोक्यावर. झुंबर त्यांच्या उघड्या डोक्याकडे बघत राहिली.

"डोस्कं दुखत न्हाई... पटका? मामा, पटका मोरीत हाय?"

आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

झुंबरनं कोपरापर्यंत हात माझ्या गळ्यात घातला. कापड बोटांना लागलं, पण हलेना. सुग्रीव धावत परसात गेला आणि त्यानं बाहेरून कामटी रेटली. झुंबर आतून ओढत राहिली. काळाठिक्कर, घाण झालेला बोळा एकदम सुटला, आणि साचलेलं पाणी गरगरत, खळखळत निघून गेलं. काय सांगू, किती दिवसांनी मला श्वास आला!

"पण कामून कोंबलाव, आबा?" सुग्रीवनं आत येऊन विचारलं. आबांनी दाराकडे बोट केलं. अंगणात कोंबडी पिलं घेऊन चरत होती.

"मोरीतून साप आला होता का?" झुंबरनं विचारलं. आबांनी होय म्हणून हात वर केला.

सुग्रीव बाजेच्या पायथ्याशी मटकन बसला. "आन् म्या तुमाला गोठ्यात टाकायला निगालो होतो," एवढंच तो बोलला.

त्या हंगामात तो एकटाच परत गेला. झुंबर मागं राहिली. रोज सकाळी ती आबांना माझ्याजवळ पाटावर बसवून अंघोळ घालते. मित्रांनो, मोरी तुंबली तर पहार उचलण्याआधी आत हात घालून पाहा. आणि घरात कोणाची वाचा गेली असेल, तर त्याच्यासमोर बसा आणि एकेक गोष्ट विचारत जा. घाई करू नका.

झुंबर आता आबांना सगळं विचारते. होय असेल तर ते हात वर करतात. परवा तिनं विचारलं, "मामा, भाजीत मीठ कमी हाय का?" आबांनी हात वर केला. "तिखट?" पुन्हा हात वर. "भाकर करपली?" पुन्हा वर.

"लय बोलायलाव बरं तुमी, मामा," झुंबर म्हणाली, आणि आबांच्या वाकड्या ओठांवर हसू आलं.