भिंतीवरचे हात

"पांढरा मारणार म्हणजे? सगळ्या खोलीला?" शिंप्याने विचारलं.

"सगळ्या नाही, भाऊजी. हातांच्या भिंतीला फक्त," चिमणी म्हणाली.

चिमणी आता वीरबाला पथकाची प्रमुख होती. पन्नाशीला आली, तरी लहानपणी पथकात पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. शिंप्याच्या बायकोला पथकातल्या सगळ्या मुली ताई म्हणत, त्यामुळे तो आपोआप सगळ्यांचा भाऊजी झाला होता. "एका लग्नात एवढ्या मेहुण्या कुणाला मिळाल्या नसतील," असं तो पूर्वी म्हणायचा. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. हल्ली म्हणत नसे.

ताई चित्रकार. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवायची. तेव्हा मुलग्यांची बालवीर पथकं होती, मुलींचं एकही नव्हतं. एकदा ब्रश धुता धुता ती म्हणाली, "का, पोरींना पाय नसतात?" आणि पथक काढलं. लोकांनी नावं ठेवली. समोरच्या घड्याळजीने तर शिंप्याला गाठून विचारलं, "बायको पोरी घेऊन रानात जाते, मग घरी रांधतं कोण?"

"मीच," शिंपी म्हणाला. "म्हणून तर ती रानात पळते."

पहिल्या मुलींचे गणवेश त्यानेच शिवले होते.

पुढे पथकाला ही खोली मिळाली. ताईने मोठ्या भिंतीवर सपाट गाठ मारायची कशी, ते पायरीपायरीने काढलं. दोरी आणि दोन हात, दोरी आणि दोन हात. नमुना म्हणून बसायला कोणी नव्हतं, तेव्हा आपलेच हात बघून काढले. करंगळीचं वाकडं पेर आलं, नखात अडकलेला रंगही आला. आणि ती डावखुरी होती, तेही आलं. पहिला वेढा डाव्या हाताचा. तिच्या सगळ्या मुली तशीच गाठ मारायला शिकल्या. "ताई, उलटी आहे," असं कोणी म्हटलं की ती दोरी त्याच्यापुढे धरायची. "ओढा. सुटते का?"

सुटायची नाही.

"पण स्पर्धेतले परीक्षक ओढून बघत नाहीत ना, भाऊजी," चिमणी म्हणाली. "त्यांच्याकडे उजवा हात आधी. यंदा गाठीत आमच्या पोरींना भोपळा. ताई होती तोवर भांडून निम्मे तरी गुण आणायची. मला नाही हो जमत तसं."

"तिचे कपडे तुम्ही पोरींनी वाटून टाकलेत, मी बोललो काही?" शिंपी म्हणाला. "ब्रश नेलेत, तेव्हा बोललो? एवढं राहू दे."

तेवढ्यात मुली सरावाला आल्या. त्यांतली एक लहानगी दोरी घेऊन भिंतीसमोर उभी राहिली आणि वर बघून वेढा घेऊ लागली. मोठीने तिचं कोपर धरून तिला फिरवलं.

"तिकडे बघू नको गं. ती बाई चुकीचं शिकवते."

तिने ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. पायरी मोडकी आहे, जपून जा, असं सांगावं तसंच सांगितलं. चिमणी ताडकन उठली, पण शिंप्याने तिला थांबवलं.

"तिला कशाला ओरडतेस? तिला काय ठाऊक, कोण बाई ते."

तो भिंतीकडे वळला.

"येणाऱ्या प्रत्येक पोरीने तिला चुकीची म्हणायचं, आणि तिने तिथे उभं राहून ऐकायचं. नको. मार रंग."

मुलींना घरी पाठवलं. बाकं त्यानेच सरकवली, जमिनीवर जुनं कापड अंथरलं. चिमणीने कोपऱ्यापासून सुरुवात केली. ब्रश हातांपाशी आला तेव्हा ती थबकली.

"थांबू नकोस," तो म्हणाला.

भिंत पांढरी झाली. पण पातळ कापडाखालून अस्तर दिसावं, तशी बोटं दिसतच होती. वाकडं पेरसुद्धा.

"दुसरा हात द्यावा लागणार," चिमणी म्हणाली.

"कधी?"

"हा वाळला की. खिडकीतून वारा चांगला येतोय, संध्याकाळपर्यंत वाळेल."

ती डबा धुवायला बाहेर गेली. शिंपी उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली.