कुठल्या महिन्यातली गोदू

गव्हाणच्या गोदूने देवांना बोलवायला सुरुवात केली, की देवांना घरी बसणं अवघड होतं, असं लोक म्हणायचे. आगऱ्यांच्या लग्नात भटजीवाचून एक वेळ चालेल, धवलारणीवाचून नाही. तिने तांदळाच्या पिठाचा चौक काढून एकेका देवाला आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून, नावानिशी मांडवात बोलवायचं. त्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. पंचक्रोशीतल्या धवलारणींत गोदू सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत मागणीची. तिच्या मागून ओळ झेलायला थोरली बहीण सोनाबाई. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या, म्हणून जावाही. सोनाबाईचा आवाज फुटक्या घागरीचा. पण ओळ कधी विसरायची नाही, आणि गोदूला कुठे आवरायचं ते तिला कळायचं. निदान कळतं असं तिला वाटायचं.

लगीनसराईत गोदू झोपायची नाही. या मांडवातून त्या मांडवात. पाय सुजलेले, पोटात घास नाही, आणि डोळे मात्र लकलक करायचे. वाटेत भेटेल त्याच्यावर ओळ जुळवायची. मिठागरावरच्या मुकादमाच्या मिशांवर तिने असं गाणं केलं की मुकादमच मागून म्हणत बसला. एका परक्या नवरीला आपल्या कानातल्या कुड्या काढून देऊन मोकळी झाली.

"देवी खेळते तिच्या अंगात," बाया म्हणायच्या.

"देवी खेळते आनि चूल मी फुंकतो," तिचा नवरा काळूराम म्हणायचा. पण म्हणताना त्याची छाती फुगलेली असायची.

पावसाळ्यात मिठागरं बंद, लग्नं बंद आणि गोदूही बंद. सगळं गाव लावणीच्या चिखलात आणि ही भिंतीकडे तोंड करून घोंगडीखाली. केस विंचरायचे नाहीत, भाताची पेज करून दिली तरी तोंड फिरवायचं. मी मेलेली बरी, एवढंच अधूनमधून. लोक म्हणायचे, थकली बिचारी, वर्षाचा घसा एका सराईत वापरते. सोनाबाई तिला गाडीत घालून पनवेलच्या बाजारातल्या डॉक्टरांकडे न्यायची. ते म्हातारे, मायाळू. "मन खचलंय," म्हणायचे आणि तांबडं टॉनिक द्यायचे. नवरात्राच्या सुमाराला गोदू उठून बसायची. डॉक्टरांना वाटायचं टॉनिकचा गुण, सोनाबाईला वाटायचं देवीचा, आणि दोघंही आपापल्या जागी खूश असायचे.

मग उलव्याचं ते लग्न झालं.

त्या वैशाखात गोदूने चौकापाशी बसून देव बोलवायला घेतले. एकवीरा आली, गावदेव आले, खाडी आली, गेलेले आजे-पणजे आले. सोनाबाईने ओळ झेलून आवाज खाली आणला, म्हणजे आता पुरे. पण गोदू पुढेच निघाली. मोरा बंदरातली लाँच चालवणारा सारंग बोलावला, उरणचा फौजदार बोलावला, बोटीचे भोंगे बोलावले. मांडव हसायला लागला. मग तिने गावातल्या जिवंत म्हाताऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, गेलेल्यांच्या ओळीत. तेव्हा हसणं थांबलं. हळद वाटून ठेवलेली वाळायला लागली. नवरदेवाचा बाप अंगावर धावून आला, तर गोदूने त्याच्या तोंडावर पिठाचं ताट उडवलं आणि म्हणाली, "तू कोन रं? मीच बोलावलेला ना तू?"

भगत बुधाजीने सांगितलं, एक देव बोलवायचा राहिला, तो कोपला. इतके बोलावून कुठला राहिला ते मात्र त्याला सांगता आलं नाही. त्याने कापलेल्या कोंबडीने देव शांत झाला असेल, गोदू झाली नाही. शेवटी काळूराम आणि सोनाबाई तिला मोऱ्याहून लाँचने मुंबईला आणि तिथून पलीकडच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले.

तिथला डॉक्टर तरुण होता आणि त्याच्या दाराशी माणसांची रांग होती.

"देव दिसतात तुम्हाला?" त्याने विचारलं.

"दिसल्याबिगर बोलावीन कशी?"

"बोलतात?"

"लग्नाला आलेला मुका बसंल का? काय बाय, खरं ना?"

"खरंच की," सोनाबाई म्हणाली. तिला त्या उत्तराचा अभिमानच वाटला.

डॉक्टर काळूरामकडे वळला. "हे कधीपासून आहे?"

"दरसाल अशीच असते, साहेब," काळूराम हात जोडून म्हणाला. त्याला सांगायचं होतं की बायको गुणाची आहे. डॉक्टरला कळलं की बाई वर्षानुवर्षं अशीच, मधे खळ नाही. त्याने सांगितलं, मन दुभंगण्याचा आजार आहे, मुरलेला आहे. पावसाळ्याचं कुणी विचारलं नाही. बाहेर ऊन रणरणत होतं, पावसाळा कुणाच्या डोक्यात असणार?

विजेचे झटके दिले. गणपती झाल्यावर गोदू घरी आली ती पाटासारखी सपाट होऊन. सांगितलं तर जेवायची, सांगितलं तर झोपायची.

"बरी झाली," काळूराम सगळ्यांना सांगायचा.

एका दुपारी सोनाबाईने भाजी निवडताना सहज एक ओळ धरली आणि थांबली, गोदू उचलेल म्हणून. गोदू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "ही कोनाची, बाय?" तिने विचारलं. ओळ तिचीच होती. सोनाबाईने भाजी तशीच टोपलीत टाकली आणि गोठ्यात जाऊन उगाच शेण ओढत बसली.

भातकापणी संपता संपता गोदूने पुन्हा भिंत धरली. माझं आतडं सडलंय, त्याचा वास शेजारणीला येतो, म्हणून ती माझ्याकडे बघत नाही, असं म्हणायला लागली. इस्पितळाने बजावून ठेवलं होतं, पुन्हा काही भलतं बोलली तर आणा, मग मोठ्या मुदतीसाठी ठेवू. तिथल्या मागच्या वॉर्डातल्या बाया सोनाबाईने पाहिल्या होत्या. त्यांना भेटायला येणाऱ्यांचं येणं केव्हा बंद झालं ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"नेतो तिला परवा," काळूराम म्हणाला. माणूस वाईट नव्हता, दमला होता. "तिथं निदान खाईल तरी."

"आधी पनवेलला नेते. मग तुझं तू बघ."

पनवेलच्या डॉक्टरांनी उलव्याच्या लग्नापासूनचं सगळं ऐकून घेतलं, गोदूची नाडी पाहिली, डोळे पाहिले, तिला बाकावर आडवं केलं आणि सोनाबाईला पडद्याबाहेर बोलावलं.

"इस्पितळाचं म्हणणं दुभंग. मी इतकी वर्षं म्हणतो खिन्नता. आतडं सडल्याचं दोन्हीत बोलतात माणसं, त्यावरून फरक कळत नाही. मला तिचं चांगल्या दिवसांतलं सांगा. सराईत ही झोपते का?"

सोनाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हा प्रश्न घरात कुणी कुणाला विचारलेला नव्हता. झोपत नाही म्हणावं, तर तो लखलखाट, ते मुकादमाचं गाणं, त्या दिलेल्या कुड्या, सगळंच आजारात जमा होणार. सगळ्या मुलखाने डोक्यावर घेतलेली गोदू म्हणजे एक दुखणं होतं, असं तिच्या तोंडून निघणार. आणि न म्हणावं, तर गोदू मागच्या वॉर्डात.

"झोपत नाय," ती म्हणाली. "अजाबात नाय. खात नाय, थकत नाय. दिसेल त्याला वस्तू देते. बोलते तर ऐकनाऱ्याला दम लागतो. पर गाते, डॉक्टर... तुमी ऐकाया पायजे हुतं."

"दरवर्षी?"

"लग्न झाल्यापासून."

"हे मला आधी का नाही सांगितलंत, सोनाबाई?"

"तुमी नेमी पावसात भेटला. आनि चांगल्या दिसांचं डॉक्टरला कोन सांगतं?"

"आणि त्यांना भेटली वैशाखात." ते उदास हसले. "म्हणजे मी घराची मागची बाजू पाहिली, त्यांनी पुढची. घर एकच. चढ-उताराचा आजार म्हणतात याला. मन आधी उधाणतं, मग पार ओसरतं, आणि दोन्ही टोकांना माणूस भलतंसलतं बोलतो."

"आनि देव? देव येतात म्हनाली म्हनूनच तर त्यांनी..."

"तुमच्या लग्नात देव येतातच ना?"

"येतात की. मलाबी दिसतात."

"मग तो आजार नाही. तुम्ही थांबा म्हटल्यावर ते थांबले नाहीत, तो आजार." त्यांनी गोळ्या काढून दिल्या. इस्पितळाला स्वतः कळवतो, परत नेऊ नका म्हणाले. "एकच सांभाळा. झोप कमी झाली, बोलणं वाढलं, उगाच हसायला लागली, की लगेच मला कळवायचं. सराईत फार जपा."

"बरी होईल?"

"बरी म्हणजे कशी?"

"हुती तशी."

"कुठल्या महिन्यातली?" डॉक्टरांनी विचारलं. चिडवत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वैशाखातली आणि श्रावणातली काढून टाकली, तर मधे कितीशी गोदू उरते, याचा हिशेब सोनाबाईला घालता येईना.

काळूराम थांबला, इस्पितळात नेलं नाही. हिवाळाभर गोदू हळूहळू उठली. मिठागरात जायला लागली, पाण्यावर मीठ धरलं की ओढायला इतरांच्या बरोबरीने उभी राहायची. ओळी एकेक करून परत आल्या, सगळ्या नाही. लोकांनी मात्र धवलारीण दुसरीकडून आणायला सुरुवात केली होती. कोण जाणे, मधेच आपलं नाव मेलेल्यांत घेईल.

माघात सोनाबाईच्या मालूचं लग्न निघालं. "माझ्या पोरीला गोदूच बसंल," सोनाबाईने ठणकावून सांगितलं. चौक गोदूनेच काढला. तिने पहिला देव बोलावला. आवाज पूर्वीचा नव्हता, पातळ होता, पण खरा होता. बाया गप्प झाल्या. दुसरा देव, तिसरा. मग कशावरून तरी गोदूला ओळ सुचली, मालूच्या होणाऱ्या सासूच्या बदकासारख्या चालण्यावर. मांडवात खसखस पिकली. गोदूच्या गालावर रंग चढला, तिने लय थोडी वाढवली आणि स्वतःच खळखळून हसली.

सोनाबाई तिला निरखायला लागली. काल रात्री ही झोपली होती का? आज सकाळपासून जरा जास्तच बोलत नव्हती? डोळे लकलकतायत की धुराने पाणावलेत? तिने ओळ झेललीच नाही. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि गोदूच्या गुडघ्यावर घट्ट बसला.

गाणं तुटलं. मांडवातल्या सगळ्या बाया गोदूकडे बघत होत्या, आता हिला काय होतं म्हणून.

गोदूने गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. "मी निस्ती हसलेली, बाय," ती हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय गो. म्हन तू, म्हन पुढं."

"नको. तू म्हन."

गोदूने पीठ लागलेली बोटं पदराला पुसली आणि बायांच्या ओळीत मागे जाऊन बसली. रडली नाही, रागावली नाही. डोळे खाली घालून ती ओळीत बसलेल्या कुठल्याही बाईसारखी दिसत होती, आणि पलीकडच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या, "बरी झाली हो गोदू. चांगली बरी झाली."

नवरी पाटावर ताटकळली होती, हळदीची वाटी पुढे आली होती. सोनाबाईने घसा खाकरला आणि आपल्या फाटक्या आवाजात पुढच्या देवाला हाक घातली.