स्टुलावरून ओळखलेला आवाज

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील दालनात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, गाणे होत असे. आणि गाणारे कोण, हे गाणे संपेपर्यंत कोणालाही सांगितले जात नसे. तीस वर्षांपूर्वी मावशींनी हा नियम घातला तेव्हा लोक हसले होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड करड्या कापडाचा पडदा, त्याच्या अलीकडे चाळीस खुर्च्या आणि पलीकडे गाणारा. गाणे संपले की एक लांबरुंद वही हातोहात फिरे. प्रत्येकाने आपले मत शाईने लिहायचे, खाली सही करायची, आणि मगच पडदा सरकवून नाव जाहीर व्हायचे. नाव आधी कळले की कान झोपी जातात, असे मावशी म्हणत. आणि त्यांनी एखादी गोष्ट एकदा म्हटली की तिच्यावर चर्चा होत नसे. सभासदांपैकी निम्मे त्यांच्याच वयाचे होते, तरी त्या सगळ्यांच्या मावशीच. वास्तविक त्या सख्ख्या मावशी होत्या एकीच्याच, आणि त्या रविवारी तीच पडद्याआड बसायची होती.

भाचीने गाणे सोडून चार वर्षे झाली होती. तिचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने आपल्या सदरात तिच्या वाट्याला एक ओळ दिली: 'आवाज गोड आहे, पण घरगुती, घरच्यांनी कौतुकाने ऐकावा.' या समीक्षकाला सगळे तराजू म्हणत. स्वतः त्याने कधी एक ओळ गायली नव्हती, पण कोणाचे वजन किती हे त्याने ठरवायचे आणि बाकीच्यांनी तेवढेच उचलायचे, अशी रीत पडून गेली होती. त्याच्या त्या एका ओळीला पाय फुटले. ठरलेले दोन कार्यक्रम रद्द झाले. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने हसत हसत विचारले, की काय म्हणते आमचे घरगुती गाणे? भाचीने त्यानंतर चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. दिवसभर ती लोकांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावी आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसे.

शेवटी मावशी स्वतः त्या दुकानात गेल्या आणि डोळे तपासायच्या उंच खुर्चीत जाऊन बसल्या. भाचीने खालची ओळ वाचायला सांगितली, तेव्हा त्यांनी ती वाचली नाही. त्या दालनात तुझे नाव नसेल, त्या म्हणाल्या. फक्त कान असतील. भाचीने हातातल्या काचा पुसून खाली ठेवल्या.

"एकदाच येईन," ती म्हणाली. "आणि मावशी, कोणी ओळखीपाळखीनं कौतुक केलंय असं मला कळलं, तर परत कधीच नाही. मग तू हट्ट करायचा नाहीस."

मावशींनी शब्द दिला. आपल्या पडद्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की तो शब्द देताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

घोळ झाला तो स्टुलाचा. भाचीच्या गुडघ्यावर दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, मांडी घालून बसणे तिला शक्य नव्हते. दालनात गाणारे नेहमी बैठकीवर बसत. या वेळी मावशींनी खालच्या वाचनकक्षातून, वरच्या कपाटांतली पुस्तके काढायला वापरतात ते उंच लाकडी स्टूल वर नेऊन पडद्याआड ठेवायला सांगितले. हे जिन्यात पाहिले चिटणीसांनी. चिटणीस हे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे आपल्याला सगळ्याच गोष्टींचा अंदाज अचूक येतो, असा त्यांचा समज होता. आणि त्या वर्षी उंच स्टुलावर बसून गाणारी बाई सगळ्या जगाला ठाऊक होती.

तिला चांदणी म्हणत. कानामागून आली आणि तिखट झाली, असे जुने गाणारे तिच्याविषयी कुजबुजत, पण कुजबुजतच. शहरातल्या प्रत्येक भिंतीवर तिचा चेहरा होता, प्रत्येक केशकर्तनालयात तिचा आवाज होता, आणि प्रत्येक छायाचित्रात तिच्याखाली ते उंच स्टूल होते. तराजूने तिच्यावर लागोपाठ तीन आठवडे लिहिले होते. तिचा आवाज म्हणजे 'धुक्यात विरघळणारी चांदी', असे त्याने लिहिले, आणि तेव्हापासून धुके कधी नीट न पाहिलेली माणसेही त्याविषयी अधिकाराने बोलू लागली होती.

चिटणीसांनी दोन आणि दोन पाच केले. नियमाप्रमाणे त्यांनी नाव घेतले नाही. ते फक्त पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, की आज पलीकडे स्टूल गेले आहे. तेवढे पुरले. मावशी त्या वेळी खाली दाराशी उभ्या राहून, त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करीत होत्या. त्या वर आल्या तेव्हा चाळीसपैकी अडतीस खुर्च्या भरल्या होत्या आणि दालनात कधी नव्हती एवढी शांतता होती. मावशींना त्या शांततेचा अभिमान वाटला.

भाची तीन गाणी गायली. साथीला फक्त व्हायोलिन. पहिल्या गाण्याच्या मध्यावर दार हळूच उघडले आणि टपालवाले आत आले. तीस वर्षे पत्रे वाटून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या सायकलची साखळी वाटेत निखळली होती; हाताला वंगण लागलेले होते, म्हणून खुर्चीला न शिवता ते दाराशीच उभे राहिले.

मावशी बाजूच्या खिडकीपाशी बसून ऐकत होत्या. पहिले गाणे बिचकत उभे राहिले. दुसरे मात्र असे मोकळे झाले, की त्यांनी हातातली किल्ल्यांची जुडी वाजू नये म्हणून घट्ट आवळून धरली. श्रोते डोलत होते. एके ठिकाणी भाची नुसता श्वास घेत होती, सूर लागायचा होता, तोच पहिल्या रांगेतून "वा" आले. दाद सुराच्या आधी पोहोचली, हे मावशींच्या लक्षात आले. पण त्या क्षणी त्यांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. माणूस कितीही करारी असो, आपल्या माणसाचे कौतुक होत असताना त्याचा कान थोडा सैल पडतोच.

वही फिरून त्यांच्या हाती आली. नाव जाहीर करण्यापूर्वी ती एकदा नजरेखालून घालायची त्यांची पद्धत होती. बाजूच्या खोलीत उभ्या उभ्याच त्यांनी ती उघडली. पहिले मत चिटणीसांचे: 'धुक्यात विरघळणारी चांदी.' दुसरे डॉक्टरीणबाईंचे: 'जणू धुक्यात चांदी विरघळते आहे.' तिसऱ्यात धुके होते, पाचव्यात चांदी होती, सातव्यात दोन्ही होती. कोणी 'या हंगामातील सर्वोच्च अनुभव' असे लिहिले होते, तेही सदरातलेच. मावशींनी पाने उलटली, पुन्हा मागे उलटली. मग त्यांना स्टूल आठवले.

तीस वर्षे त्यांनी नाव पडद्याआड ठेवले होते. लोकांनी ते पडद्याच्या अलीकडे स्वतःच तयार करून घेतले होते. तराजू आलाही नव्हता. त्याला यायची गरजच नव्हती, तो अडतीस डोक्यांतून बसून होता. आणि प्रामाणिक राहायचे तर, मावशींनी स्वतःशीच कबूल केले, एकोणचाळिसावे डोके आपलेही होते. ती ओळ छापून आली तेव्हा आपण संतापलो, दोन दिवस जेवलो नाही. पण चार वर्षांत भाचीला या दालनात एकदा तरी बोलावले का? मुलगी अजून कच्ची असेल, असे आपण स्वतःला समजावले. ते 'कच्ची' कोणाच्या पोटातून आले होते?

शेवटच्या पानावर वंगणाचे बोट उमटलेले होते आणि त्याखाली टपालवाल्यांचे अक्षर: 'दुसऱ्या गाण्यानं डोळ्यात पाणी आणलं. तिसऱ्यात घाई झाली. कोणावर तरी रागावल्यासारखं वाटलं. राग चालेल, घाई नको.'

वही मिटून चूप बसणे सोपे होते. भाचीला एवढेच सांगायचे, की अडतीस जणांनी वाहवा केली. ती उद्यापासून गाऊ लागेल. आणि सांगितले, तर दिलेला शब्द पाळावा लागेल. ती पुन्हा तोंड उघडणार नाही आणि आपल्याला हट्ट करता येणार नाही. मावशींनी आयुष्यात अनेक माणसांना अनेक कडू गोष्टी ऐकवल्या होत्या, पण पडद्यापर्यंतची ती बारा पावले त्यांना जड गेली.

भाची स्टुलावर बसून दुखरा गुडघा चोळत होती. मावशींनी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की यातली अडतीस मते तुझी नाहीत. ती चांदणीची आहेत. स्टुलावरून त्यांनी ओळखले.

"ठाऊक आहे," भाची म्हणाली.

भाचीने मग सांगितले ते असे: गुडघ्यामुळे ती लवकर येऊन बसली होती, आणि पडदा नजरेला अडवतो, कानाला नाही. पहिल्या रांगेतली सगळी कुजबुज तिने ऐकली होती. आधी वाटले, मागच्या दाराने निघून जावे. मग वाटले, बरेच झाले. सूर चुकला तर तो चांदणीच्या नावावर जाईल. चार वर्षांत पहिल्यांदा तिला भीती वाटली नाही, म्हणून दुसरे गाणे तसे झाले.

"आणि तिसरं?" मावशींनी विचारले.

"तिसऱ्याला संताप आला. दुसरं एवढं चांगलं झालं, आणि ते मी तिला देऊन बसले. माझं गाणं मी तिला का द्यायचं?"

मावशींनी वहीचे शेवटचे पान उघडून तिच्यापुढे धरले. भाचीने ते एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले. हे कोण, तिने विचारले. उशिरा आलेले, मावशी म्हणाल्या. त्यांना स्टुलाचं कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे एकानं मलाच ऐकलं," भाची म्हणाली. "आणि घाईही पकडली. पडदा काढ."

मावशींनी पडदा सरकवला आणि नाव जाहीर केले. टाळीसाठी उचललेले हात हवेतच राहिले. चिटणीसांनी स्टुलाकडे पाहिले, मग भाचीकडे, मग पुन्हा स्टुलाकडे, जणू त्या लाकडानेच त्यांची फसवणूक केली होती. मागून कोणीतरी म्हणाले, ही तर ती घरगुती. आणि मग मावशींच्या डोळ्यांदेखत मते पालटू लागली. एकाला आता आठवले, की आवाज वरच्या सुरात थोडा बारीक वाटला होता. दुसऱ्याला पहिल्यापासूनच शंका होती. मेंढरे एका वाटेने आली होती, ती दुसऱ्या वाटेने परत निघाली.

चिटणीस घसा खाकरून उभे राहिले आणि अतिशय अदबीने त्यांनी वही मागितली. काही सभासदांना आपले अभिप्राय जरा सुधारून घ्यायचे होते, गैरसमजातून लिहिले गेले होते, एवढेच.

"शाई वाळली," मावशी म्हणाल्या. "तीस वर्षांत या वहीत खाडाखोड झालेली नाही, आजही होणार नाही. एकदा थुंकलेलं गिळायची सोय इथे नाही."

"खोडू दे त्यांना, मावशी," भाची मागून म्हणाली.

ती स्टुलावरून उतरली, लंगडत पुढे आली आणि तिने वही मावशींच्या हातून घेऊन पुढच्या टेबलावर उघडी ठेवली. टोपण काढून पेन वहीवर ठेवले.

"ज्यांना खोडायचंय त्यांनी खुशाल खोडावं. पण इथे, माझ्यासमोर येऊन. आणि का खोडताय ते मोठ्यानं सांगून. सूर कुठे हलला, लय कुठे गेली, जे ऐकलं असेल ते. सदरात काय आलंय ते मला पाठ आहे, ते नको."

खुर्च्या करकरल्या, पण पुढे आले कोणी नाही. तिघे-चौघे उठले ते दाराकडे गेले, चपला घालताना एकमेकांकडे न बघता. टपालवाल्यांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. चिटणीसांनी जाता जाता त्यांना हलकेच सुचवले, की तुम्हीही फेरविचार करावा. टपालवाले म्हणाले, नाव कळल्यानं तिची घाई कमी झाली का हो? मग मी कशाला बदलू? चिटणीस गेले नाहीत. गर्रकन वळून आपल्या खुर्चीत परत बसले.

अखेर डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी आपल्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली आणि पेन खाली ठेवले.

"मी तिला समजून लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. मान खाली नव्हती. "आता खरं काय वाटलं ते आठवू बघते, तर आठवतच नाही. मी ऐकलंच नाही बहुतेक."

भाचीने त्या बाईंवर चिडावे, असे मावशींना वाटत होते; भाची चिडली नाही.

"मग बसा," ती म्हणाली. "तिसरं परत गाते."

चिटणीस पुन्हा अर्धवट उठले. पडदा सरकल्यावर गाणे होत नाही, असा नियम होता, आणि तो त्यांनी अत्यंत नम्रपणे मावशींच्या लक्षात आणून दिला.

"नियम माझा आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बसा."

चिटणीस बसले. मावशींनी पडदा ओढून भिंतीपर्यंत नेला आणि तो पुन्हा सुटू नये म्हणून त्याला गाठ मारली. तीस वर्षांची गोष्ट त्यांच्या हातून सुटत होती. वही त्यांनी मिटून काखेत घेतली. आता कोणी काही लिहिणार नव्हते, कोणाचे मत कोणी वाचणार नव्हते.

भाची स्टुलावर बसली. समोर भरल्या उजेडात पस्तीस चेहरे होते, त्यांतले निम्मे ओशाळलेले आणि काही अजूनही तिला तोलत असलेले. व्हायोलिनने सूर धरला. तिने त्या चेहऱ्यांवरून एकदा सावकाश नजर फिरवली, कोणालाही न वगळता, आणि मग गाण्याला सुरुवात केली. या वेळी घाई नव्हती. राग मात्र होता, आणि तो तिने कोणापासून लपवला नाही.