वरचे सोळा दिवस

फोन ठेवून आईने आधी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टोपलीत चार कोनफळं, कागदात गुंडाळलेला सुका मासा आणि बाळंतिणीच्या रश्श्यात घालायच्या मसाल्याच्या, उदाच्या शेंगा होत्या. सकाळपासून तिने ती तीनदा भरून तीनदा रिकामी केली होती.

"चुमा म्हणतोय, अजून सोळा दिवस येऊ नका," ती म्हणाली. चुमा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, एबेलेचा नवरा. "चाळीस दिवस सांगितलेत म्हणे. कोणी सांगितले चाळीस?"

मी फोन उचलून चार्जिंगला लावला.

"डॉक्टरांनी मला चोवीस लिहून दिलेत. कागद माझ्या उशाखाली आहे. आज चोवीस भरले. मग हे चाळीस कुणाचे, उरेन्ना?"

"माझे," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टोपलीतला मासा काढला, पुन्हा घट्ट गुंडाळला, पुन्हा आत ठेवला आणि माझ्याकडे पाठ केली.

मागच्या वर्षी आईच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ कापून काढली. तिचे मागे राहिलेले कण जाळण्यासाठी किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी घ्यायची असते. ती परदेशातून विमानाने येते आणि साठवून ठेवता येत नाही. दर आठ दिवसांनी त्यातलं निम्मं संपतं, मग ते कुणी घेवो न घेवो. आईचा नंबर फेब्रुवारीत होता आणि एबेलेचे दिवस जूनमध्ये भरत होते. भरपूर वेळ होता. फेब्रुवारीत माल आलाच नाही. मार्चमध्ये रुग्णालयात संप झाला. एप्रिलमध्ये पेटी विमानतळावर इतके दिवस पडून राहिली, की हातात आली तेव्हा तिच्यात दम उरला नव्हता. मेच्या शेवटच्या आठवड्यात अखेर निरोप आला.

आईचं म्हणणं होतं, बाळंतपण होऊन जाऊ दे. मी दोन दिवस तिच्याशी वाद घातला. आता नाही म्हटलंस तर नाव यादीच्या तळाला जाईल, गळ्यातलं दुखणं काही यादी बघून थांबणार नाही, असं सगळं बोलले. शेवटी ती म्हणाली की तू या किरणांचंच शास्त्र शिकलेली आहेस, तू म्हणतेस तर घेते.

गोळी घेतल्यानंतर नवव्या दिवशी एबेलेला मुलगी झाली.

आमच्याकडे मुलीचं पहिलं बाळंतपण झालं की तिची आई टोपली घेऊन तिच्या घरी जाते. त्याला ओमुग्वो म्हणतात. बोलावणं लागत नाही. बाळाला आंघोळ तीच घालते, बाळंतिणीचं पोट गरम फडक्याने दाबण्यापासून सगळं तीच करते. आई मेलेली असेल तर ते काम नवऱ्याच्या आईकडे जातं. त्यामुळे गल्लीतली जी बाई भेटे ती खिडकीतून विचारी, जोसेफिन, तू अजून इथेच कशी? एकीला आईने सांगितलं, "मी मेलेय. तुला कळवायचं राहिलं वाटतं."

न्सुक्कातल्या मिशनच्या प्रसूतिगृहात आई सत्तावीस वर्षं आया आहे. जन्मल्याजन्मल्या पहिल्या तासातली किती मुलं तिच्या हाताखालून गेली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ओमुग्वोसाठी म्हणून तिने तीस दिवसांची रजा राखून ठेवली होती. गोळी घेतल्यावर बाळांच्या आसपास फिरकायचं नव्हतं, म्हणून ती रजा त्याच दिवशी सुरू करावी लागली. चोवीस दिवस औषधात गेले. सहा उरले होते. माझ्या सोळांनी ते सहाही खाल्ले.

ते चोवीस दिवस मी तिला शेवटच्या खोलीत ठेवलं. ताट-पेला वेगळा, कपडे वेगळे धुवायचे, संडासात दोनदा पाणी ओतायचं. तिच्या खाटेपासून सहाव्या फरशीवर, म्हणजे दोन मीटरवर, मी खडूने रेघ मारली. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा एक चतुर्थांश होतो, हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू शेजारच्या गावात जाऊन राहिलीस तर मला काहीच ऐकावं लागणार नाही. जा."

आणि चाळीस? चुमाचा फोन आला तेव्हा बाळ दोन तासांचं होतं. मागे त्याच्या आईचा आवाज येत होता, बॉम्बमध्ये असतं तेच ना ते, असं ती विचारत होती. त्याने मला विचारलं, किती दिवस? चोवीस माझ्या जिभेवर होते. पण डोक्यात दुसरंच गणित सुरू झालं. आठ दिवसांनी निम्मं, सोळाने पाव, असं करत चाळीस दिवसांनी शेकडा तीनच उरतं. सुबक आकडा होता. आयोडीन नुसतं विझत नाही, लघवीवाटेही निघून जातं, डॉक्टरांनी ते धरूनच चोवीस काढले होते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी चाळीस म्हणाले. बाळ दोन तासांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई टोपली घेऊन बस स्थानकावर निघाली. मला ये म्हणाली नाही, येऊ नकोस असंही म्हणाली नाही. बसमध्ये मी तिच्या शेजारी बसायला गेले तर तिने टोपली उचलून बाकावर ठेवली. "दोन मीटर," ती म्हणाली. माझ्यामागून येणाऱ्या बाईला मात्र तिने टोपली मांडीवर घेऊन जागा दिली. एबेलेचं गाव, अवका, येईपर्यंत दोघी कोनफळांच्या भावावर बोलत होत्या.

चुमाच्या घराच्या फाटकाजवळ प्लॅस्टिकची एक खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. आम्ही येणार हे एबेलेने त्यांना सांगितलं असावं. घराचं दार तिथून बारा-तेरा पावलांवर होतं आणि त्याच्या जाळीमागे चुमाची आई बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. बाई वाईट नाहीत. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आहेत, पंधरा दिवस त्या एकट्या रात्रंदिवस राबत होत्या, ते त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

"एबेलेच्या आई, बसा ना," त्या आतूनच म्हणाल्या. "पाणी पाठवते. बाळ इथून दाखवते तुम्हाला. रागावू नका."

आई बसली नाही. टोपली हातात धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग."

मी जाळीपर्यंत गेले. तिथे पोचेपर्यंत मला राग येत होता. त्या खुर्चीचा, त्या जाळीचा, विमानतळावर पडून राहिलेल्या पेटीचा. जाळीच्या मागे बाळाची कातडी दिसली, कानाच्या पाळीएवढी नाजूक, आणि मग राग यायला माझ्याखेरीज कुणी उरलं नाही.

"चाळीस दिवस डॉक्टरांचे नव्हते," मी म्हणाले. "माझे होते. डॉक्टरांनी चोवीस सांगितलेत. ते काल भरले."

माझा हिशेब चुकला होता का, असं त्यांनी विचारलं.

"नाही. हिशेब बरोबर होता. मला भीती वाटली म्हणून वर सोळा घातले."

त्यांनी बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. शाळेत पाठ न आलेल्या मुलीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही.

"तू हेच शिकलीस. ती तुझी आई," त्या म्हणाल्या. "तरी तुला भीती वाटली. मग मी काय करावं?"

माझ्याकडे उत्तरं होती. दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंतची. उशाखालचा तो कागदही मी बरोबर आणला होता. तो मी पिशवीतून काढलाच नाही.

मागून आईची पावलं वाजली. ती खुर्चीला वळसा घालून सरळ चालत आली आणि पायरीपाशी थांबली.

"बाळ तुमच्याकडेच राहू द्या, चुमाच्या आई," ती म्हणाली. "ते मागायला मी आले नाही. माझी मुलगी कुठेय?"

आत झोपलीय, असं त्या म्हणाल्या.

"तिचं पोट कोण दाबतं?"

"मीच दाबते. रोज सकाळी."

"जोर किती लावता?"

त्यांनी बाळाच्या पाठीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"दुसऱ्याची लेक आहे, हात भितोच," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. प्रसूतिगृहात नव्या पोरींना काम दाखवताना ती याच आवाजात बोलते. "मोठं पातेलं उकळायला ठेवा. मीठ टाका. पाणी ही धरेल." ही म्हणजे मी. तिने माझं नाव घेतलं नाही.

स्वयंपाकघरामागे पत्र्याचा आडोसा होता. एबेले येऊन खाली बसली, भिंतीला पाठ लावून, छातीपर्यंत उघडी. आईला पाहून ती रडायला लागली, तेव्हा आईने तिला नंतर रड म्हणून सांगितलं. मग फडका उकळत्या पाण्यात बुडवून पिळला आणि बेंबीखाली टेकवून दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. पातेलं धरताना वाफ माझ्या डोळ्यांत जात होती, पण हलायची सोय नव्हती.

एबेले किंचाळली. "आई, मारतेस का मला?"

"हो," आई म्हणाली. "हिला मारता येत नाही म्हणून तुला मारतेय."

एबेलेला हसू आलं, मग पुन्हा कळ आली. आईने फडका पुन्हा बुडवला. पुन्हा पिळला. तिच्या हातांना चटका बसत असणारच, पण सत्तावीस वर्षांत ते हात चटक्याला ओळखेनासे झाले आहेत. ती दाबत होती आणि तोंडाने काही बोलत होती. शिव्या होत्या. रुग्णालयाला, विमानाला, संपवाल्यांना, मला. माझ्या वेळी जोर वाढला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं. आधी थोडं, मग जीव तोडून. चुमाच्या आई त्याला घेऊन फेऱ्या मारत होत्या, त्यांच्या चपला जवळ येत होत्या, लांब जात होत्या. आईने मान वळवली नाही. पण रडणं ऐकताच एबेलेला पान्हा फुटला. दोन्हीकडून दूध ओघळलं, पोटावरून खाली आलं आणि आईच्या मनगटावरून वाहायला लागलं.

आईचे हात थांबले.

मग तिने कोरडा फडका घेतला आणि एबेलेला पुसलं, गळ्यापासून खाली, हलक्या हाताने. स्वतःचं मनगट पुसलं नाही.

"श्वास सोड," ती म्हणाली, आणि पुन्हा दाबायला लागली.