जुव्याचे निशाण

मी एक जुने निशाण आहे. मित्रांनो, मनात डूख धरून जगलेले निशाण.

दासगावजवळ सावित्रीच्या पात्रात एक जुवे आहे. नदीतल्या बेटाला आमच्याकडे जुवे म्हणतात. मी त्याच जुव्याचे. हिरवे अंग, तांबडा काठ. जन्माने मात्र मी लुगडे. जुव्यावरच्या साळूबाईने मला महाडच्या बाजारातून आणले. शेतातही तिने मलाच नेसले आणि सणालाही मलाच. दुसरे होते कुठे?

एका श्रावणात सावित्री घरात शिरली. लहानग्या लेकीला, तुळसाला घेऊन साळूबाई कौलांवर चढली. तिने अंगाला गोणपाट गुंडाळले, मला सोडून बांबूला बांधले आणि काठावरच्या गावाकडे बघत हात भरून येईपर्यंत हलवले. काठावर त्या गावच्या रावजीच्या होड्या होत्या, पण त्या त्याच्या घरचे भात हलवण्यात गुंतलेल्या. लोकांनी माझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "काय नाय, त्यांच्या देवाची काठी नाचतेय. नाचू दे."

होडी आली ती दुसऱ्या दिवशी. कौलांवर बांबूला मिठी मारून तुळसा बसली होती. साळूबाई नव्हती.

तेव्हा जुव्याच्या लोकांनी मला आपले निशाण केले. शिमग्यानंतरच्या जत्रेत गावोगावच्या देवांच्या काठ्या एकमेकींना वाकून भेटतात. माझी काठी रावजीच्या गावापुढे वाकत नाही. लोक नावे ठेवतात. ठेवोत बापडे, मला त्यात सुख आहे.

आता रावजीचा नातू राजेश पाहुण्यांना होडीतून जुवे दाखवतो. त्याने धक्क्यावर माझे चित्र लावले आणि खाली लिहिले : हिरवा म्हणजे निसर्ग, तांबडा म्हणजे प्रेम. माझ्या अंगाची लाहीलाही झाली! यंदा त्याला पाहुण्यांसमोर काठ्यांची भेट हवी होती. भर जत्रेत तो माईक घेऊन म्हाताऱ्या तुळसाजवळ आला.

"काकी, जुनं कशाला उगाळायचं? एकदा होऊ दे की भेट."

"होऊ दे. पन आधी पाव्हण्यांना सांग, तुझा आजा काय बोलला व्हता."

"आजोबांना वाटलं काठी नाचतेय. चुकलं त्यांचं."

"काठी शिमग्यात नाचते रे. पूर आला सरावनात. तुझ्या आज्याला म्हयना कळत नव्हता?"

माईक चालूच होता. साऱ्या जत्रेने ऐकले. राजेशच्या गावची काठी कुशाबाच्या खांद्यावर होती. कुशाबाने कुणाला न विचारता ती माझ्यापुढे जमिनीला टेकेपर्यंत वाकवली.

तुळसाचा मुलगा भरत मला धरून ताठ उभा राहिला. मी वाकले नाही.

मित्रांनो, क्षमा करावी असे तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर शिका. मला ती जमली नाही. मला जपा असेही मी म्हणत नाही. लागली कसर तर लागू द्या. पण माझ्या हिरव्या रंगाचा अर्थ कोणी विचारला, तर निसर्ग म्हणू नका. सांगा, एका बाईने अंगावरचे लुगडे सोडून हाक मारली होती, आणि ती ऐकू आली होती.